रोलर कॅमला व्हॉल्व्ह स्प्रिंग किती जोराची घ्यावी?

नोव्हावाला

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं डेट्रॉइटच्या बाहेर राहतो. माझ्याकडे १९७२ ची शेव्हरोले नोव्हा आहे, ३५० घनइंचांचं स्मॉल ब्लॉक इंजिन. नोकरीत इंजिनाशी संबंध नाही. जे काही येतं ते गॅरेजात हात काळे करून आलेलं आहे, तेव्हा चुकलं तर बिनधास्त सांगा.

गेल्या हिवाळ्यात जुना फ्लॅट टॅपेट कॅम (त्याचे फुगवटे, म्हणजे लोब, सपाट तळाच्या टॅपेटला ढकलतात) काढून हायड्रॉलिक रोलर (टॅपेटला चाक असलेला) घातला. लोबची उचल ०.३४० इंच, रॉकर १.५ चे (लोबची उचल दीडपट करून व्हॉल्व्हला देणारे), म्हणजे व्हॉल्व्ह ०.५१० उघडतो. हेड नुकतंच मशीन शॉपमधून आलं होतं. सीट नव्याने कापलेल्या, स्प्रिंगाही नव्या. त्या फ्लॅट टॅपेटच्या हिशोबाने घेतलेल्या होत्या, पण नव्याच आहेत तर चालतील असं मी धरून चाललो.

एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढली. ५,२०० आरपीएमपर्यंत अशी ओढते की अंगावर काटा येतो. त्यापुढे एकदम गळपटते. आवाज फाटतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा, आणि ताकद जागच्या जागी संपते. महिनाभर मी इग्निशनच्या मागे लागलो होतो. कॉइल बदलली, प्लगच्या वायरी बदलल्या, कार्बोरेटरचे जेट दोनदा बदलले. ढिम्म फरक नाही.

शेवटी एक व्हॉल्व्ह कव्हर उघडलं. बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगच्या तळाशी तेलात चमचमणारी बारीक कणी दिसली. चांदीचा वर्ख बोटाला लागावा तशी. स्प्रिंग आपल्या बैठकीवर नाचत होती आणि बैठक खरवडत होती. एक स्प्रिंग काढून ओळखीतल्या एकाच्या टेस्टरवर ठेवली.

कॅटलॉग म्हणतो: १.७०० इंच उंचीवर ११५ पौंड, आणि पुढे दर इंचाला ३३० पौंड. पण माझ्या हेडवर त्या व्हॉल्व्हची बसवलेली उंची निघाली १.७६५. सीट कापल्यामुळे व्हॉल्व्ह आत बसले, त्यांचं देठ वर आलं, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) वर गेला आणि स्प्रिंगला ६५ थाउ (इंचाचे हजारावे भाग) जास्त जागा मिळाली. ०.०६५ गुणिले ३३०, म्हणजे साडेएकवीस पौंड तिथेच गेले. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना, उरले ९३ च्या आसपास, पूर्ण उघडल्यावर २६२. कॅमच्या कार्डवर मागितले होते १३५ आणि ३४० च्या आसपास. स्प्रिंगमध्ये दोष नव्हता. मी मोजलं नव्हतं, एवढंच.

आता मधमाशांच्या पोळ्यासारख्या, वर निमुळत्या होणाऱ्या स्प्रिंगा आणल्या आहेत, इथे त्यांना बीहाइव्ह म्हणतात. १.८०० वर १३० पौंड, दर इंचाला ३७०. माझ्या १.७६५ वर त्या १४३ भरतात आणि ०.५१० उचलीला ३३२. वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची १.१५०, माझी उघडी उंची १.२५५, म्हणजे मध्ये १०५ थाउ शिल्लक.

प्रश्न असा की एवढं पुरे आहे का? इथला एक रेसवाला मित्र म्हणतो, "सीटवर दोनशे घाल आणि विसरून जा." मला ६,२०० च्या वर जायचं नाही.

---

साधा_वाचक

मस्त धागा, वाचनखूण साठवली. माझा बाळबोध प्रश्न: रोलर म्हटलं की घर्षण कमी. मग स्प्रिंग उलट हलकी चालायला हवी ना? जास्त जोर का लागतो?

---

मेघना_प

प्रश्न अजिबात बाळबोध नाही. हेच नीट कळलं की पुढचे सगळे आकडे सोपे होतात.

मी पुण्यात व्हॉल्व्ह ट्रेनवर काम करते. बहुतेक ओव्हरहेड कॅमवर, पण गणित तेच.

फ्लॅट टॅपेटचा तळ सपाट असतो आणि लोब त्यावरून सरकतो. व्हॉल्व्ह जितक्या वेगाने उघडायचा, तितका स्पर्शबिंदू टॅपेटच्या मध्यापासून बाहेर जातो. तो काठाबाहेर गेला की कडा लोबला खरवडते. स्मॉल ब्लॉकच्या टॅपेटचा व्यास ०.८४२ इंच, अर्धा ०.४२१. त्याला ५७.३ ने भागा (एका रेडियनमध्ये तेवढे अंश). आलं ०.००७३५. म्हणजे कॅमच्या एका अंशाला साधारण सात थाउपेक्षा जास्त वेग फ्लॅट टॅपेटला भूमितीच देत नाही.

रोलरला ही अट नाही. म्हणून रोलरचे लोब जास्त वेगाने उघडतात, वर जास्त वेळ ठेवतात आणि तितक्याच झपाट्याने मिटतात. ताकद त्यातूनच मिळते. पण एवढ्या वेगाने वर फेकलेली वस्तू लोबच्या नाकावर (टोकावर) थांबवून परत खाली कोण आणणार? स्प्रिंगच. शिवाय रोलर टॅपेट जड: चाक, आस, सुया, वर दोन टॅपेट जोडणारी पट्टी. घर्षण कमी झालं हे खरं, पण स्प्रिंगची गरज घर्षणावर ठरत नाही. वस्तुमान आणि त्वरण यांवर ठरते.

आणखी एक गोष्ट. ही जडत्वाची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५,५०० वरून ६,५०० ला गेलात तर आरपीएम वाढले १८ टक्के, ओढ वाढली ४० टक्के. त्यामुळे "थोडंच वर जायचंय" या वाक्याला स्प्रिंगच्या हिशोबात जागा नाही. कमाल आरपीएम आधी ठरवायचा आणि मग स्प्रिंग बघायची.

---

साधा_वाचक

आता कळलं, धन्यवाद ताई. मग सीटवरचा आकडा आणि उघडलेला आकडा वेगळे का सांगतात? एकावरून दुसरा निघतोच ना?

---

मेघना_प

निघतो, पण दोघांची कामं वेगळी. उघडलेला जोर नाकावर काम करतो. तो कमी पडला की टॅपेट लोब सोडून हवेत झेपावतो. सीटवरचा जोर मिटताना काम करतो. तो कमी पडला की व्हॉल्व्ह सीटवर आपटून उसळतो, एकदा नाही, दोन-तीनदा. बंद असायला हवा तेव्हा किंचित उघडा. सिलेंडरमधला दाब गळतो आणि नोव्हावाला यांनी सांगितलेला तो फाटका आवाज येतो.

एकाच रेटच्या (दर इंचाला वाढणारे पौंड) स्प्रिंगेला हिशोब सरळ: उघडलेला जोर = सीटवरचा जोर + रेट × उचल. बीहाइव्हमध्ये रेट उचलीबरोबर थोडा बदलू शकतो, म्हणून टेस्टरवर दोन्ही उंचींना मोजलेलं बरं.

---

ओहायो_भाऊ

माझ्याकडे १९८७ ची मस्टँग, ५.० लिटर. फोर्डने या इंजिनाला रोलर १९८५ लाच दिला, शेव्हरोलेच्या ३५० ला तो १९८७ मध्ये आला. त्यामुळे इकडच्या जुन्या गाड्यांत रोलर हा काही फक्त शर्यतीचा माल नाही.

ठोकताळे सांगतो, आमच्या गॅरेजात सगळे हेच धरतात. फ्लॅट टॅपेट: सीटवर १०० ते १३० पौंड, उघडल्यावर २५० ते ३००. रस्त्यावरचा हायड्रॉलिक रोलर: १२० ते १५०, आणि ३०० ते ३६०. रस्त्यावरचा सॉलिड रोलर (टॅपेटमध्ये तेल नसलेला, भरीव): १८० ते २२०, आणि ४५० ते ६००. ड्रॅगवाले याच्या कितीतरी वर जातात.

तुमचे १४३ आणि ३३२ मधोमध बसतात. मी असतो तर तरी थोडं वाढवलं असतं. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं.

---

नोव्हावाला

ओहायो_भाऊ, आकडे माझ्या कार्डाशी जुळतात, आभार. पण दोनशेच्या सल्ल्याबद्दल मी गेले पंधरा दिवस वाचतोय, विचारतोय, आणि माझं मत उलट होत चाललंय.

हायड्रॉलिक टॅपेटच्या आत एक छोटा प्लंजर तेलावर तरंगत असतो. त्यावर गरजेपेक्षा जोर टाकला की तेल कडेने पिळून बाहेर जातं, प्लंजर खचतो आणि तेवढी उचल वाया जाते. म्हणजे स्प्रिंग दणकट, पण व्हॉल्व्ह कार्डावर लिहिलाय तेवढा उघडतच नाही.

दुसरं, व्हॉल्व्हवरचा जोर आणि रोलरवरचा जोर एक नाही. रॉकर १.५ चा, म्हणून माझे ३३२ पौंड टॅपेटच्या चाकावर ४९८ होतात. किलोमध्ये जवळजवळ सव्वादोनशे, पेरूएवढ्याही नसलेल्या चाकावर आणि त्यातल्या सुईसारख्या बेअरिंगांवर. यात फुकटची भर कशाला?

---

उद्यमनगरी

राम राम. मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीनिंगचं काम. अमेरिकन व्ही-आठ आयुष्यात एकदाच जवळून बघितलंय, पण जुन्या बुलेटची आणि जीपची हेडं बरीच केलीत.

नोव्हावाले, तुम्ही जी चूक सांगितलीत ती आमच्याकडे आठवड्याला एक येते. सीट कापून घेतात, व्हॉल्व्ह आत बसतो, आणि स्प्रिंग जुन्याच हिशोबाने टाकतात. मग "स्प्रिंग बसली, स्प्रिंग मेली" अशी बोंब. स्प्रिंग मेलेली नसते, तिला जागा जास्त झालेली असते. खाली शिम (पातळ चकती) टाकला की जिवंत होते.

टेस्टर नसेल त्यांच्यासाठी आमची पद्धत. ड्रिल मशीनच्या टेबलावर न्हाणीघरातला वजनकाटा ठेवायचा, त्यावर जाड सपाट पट्टी, वर स्प्रिंग. स्पिंडलमध्ये बोथट गोल सळई. मोटारीची पिन काढून ठेवायची, हे आधी. मग हँडल दाबत दाबत व्हर्नियरने उंची मोजायची आणि काट्यावर किलो वाचायचे. १४३ पौंड म्हणजे ६५ किलो, आरामात वाचता येतं. ३३२ म्हणजे दीडशे किलो, तिथे साधा काटा संपतो. हट्ट करू नका, दाबलेली स्प्रिंग निसटली तर डोळा जातो. सीटचा आकडा आणि त्याच्यावरचा एखादा मधला आकडा घ्या, रेट काढा, पुढचं कागदावर.

आणि सोळाच्या सोळा मोजा. एका डब्यातल्या स्प्रिंगा सारख्या असतात असं धरू नका.

---

नोव्हावाला

दादा, हे वाचून कालच सगळ्या मोजल्या. उंची १.७५५ ते १.७७८ अशी विखुरलेली निघाली. १.७६५ च्या पुढे होते त्यांच्याखाली १५ थाउचा शिम टाकला. आता सगळे १.७५० ते १.७६५ मध्ये आहेत. म्हणजे सीटवर १४३ ते १४८, उघडल्यावर ३३२ ते ३३७. शिम टाकल्यावर वेटोळ्यांमधली जागा पुन्हा तपासली, सगळ्यात कमी ९० थाउ. ६० च्या खाली जायचं नाही एवढं मी ठरवलंय. रिटेनर खाली आल्यावर गाईडच्या सीलला लागतो का तेही बघितलं.

---

ह्यूस्टनकर

माझी अडचण वेगळी. पिकअपमध्ये ५.३ लिटरचं एलएस (शेव्हरोलेचं नवं व्ही-आठ) इंजिन, भंगारातून आणलेलं, त्यावर टर्बो. १२ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब. स्प्रिंगा मूळच्या, सीटवर ८० पौंडांच्या आसपास. ५,००० ला जाऊन अडकते. इनटेक व्हॉल्व्ह १.८९ इंचाचा, क्षेत्रफळ २.८ चौरस इंच, गुणिले १२, म्हणजे ३४ पौंड बूस्टच व्हॉल्व्हला मागून ढकलतोय. ८० मधून ३४ गेले की उरले ४६. बरोबर आहे ना?

---

मेघना_प

दिशा बरोबर आहे, पण पूर्ण वजाबाकी दर क्षणी लागू होत नाही. इनटेक मिटतो तेव्हा सिलेंडरमध्येही जवळपास बूस्टएवढाच दाब असतो, त्यामुळे फरक कमी. नंतर कॉम्प्रेशन आणि ज्वलन व्हॉल्व्हला उलट सीटवर दाबून धरतात. तुमचे ३४ पौंड हा कमाल आकडा, मागे सिलेंडर रिकामा धरला तरचा.

पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडेही बघा. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमधला दाब बऱ्याचदा बूस्टपेक्षा जास्त असतो. तो २० पीएसआय धरला आणि व्हॉल्व्ह १.५५ इंचाचा, तर ३८ पौंड. इनटेकच्या फेऱ्यात त्यातून सिलेंडरमधला दाब वजा जाऊन जे उरतं ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सीटवरून उचलायला बघतं. म्हणून टर्बोच्या इंजिनात दोन्हीकडे सीटचा जोर वाढवतात. तुमच्या ८० च्या स्प्रिंगा बदलणं हाच उपाय. आणि एलएसचा रॉकर मुळात १.७ चा असतो, चाकावरचा जोर मोजताना ते विसरू नका.

---

ओहायो_भाऊ

मेघनाताई, एक विचारतो. आमच्याकडे जोर न वाढवता वजन कमी करायचं म्हणून सगळे हलक्या पुशरॉडच्या (टॅपेटपासून रॉकरपर्यंतची दांडी) मागे लागतात. फायदा होतो का?

---

मेघना_प

बहुतेकदा उलटं होतं. रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या बाजूचं वजन पूर्ण लागू होतं. टॅपेटकडच्या बाजूचं रॉकरच्या प्रमाणाच्या वर्गाने भागलं जातं. १.५ चा वर्ग २.२५. म्हणजे रिटेनरमधून १ ग्रॅम काढणं हे पुशरॉडमधून सव्वादोन ग्रॅम काढण्याएवढं. बीहाइव्हचा फायदा इथेच: वरचं तोंड लहान, म्हणून रिटेनर लहान आणि हलका.

पुशरॉडचं काम ताठ राहणं. तो वाकला की धनुष्यासारखी ऊर्जा साठवतो आणि नाकाजवळ सोडतो, म्हणजे टॅपेटला उडी मारायला तोच मदत करतो. जाड भिंतीचा पुशरॉड घ्या, चार ग्रॅम जड झाला तरी चालेल.

आणि स्प्रिंगची स्वतःची लहर. समजा तिची नैसर्गिक वारंवारता ४५० हर्ट्झ आहे. इंजिन ६,००० ला, कॅम ३,००० ला, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. नववी पट बरोबर तिथे पडते आणि स्प्रिंगची मधली वेटोळी आपल्या मनाने लाटा मारायला लागतात. त्या क्षणी कागदावरचा जोर प्रत्यक्षात नसतो. निमुळत्या स्प्रिंगेत वेटोळ्यांचे व्यास वेगवेगळे, म्हणून लाट एका सुरात जमत नाही. जोडस्प्रिंगेत आतली बाहेरचीला घासून लाट शमवते. टेस्टरवर दोन स्प्रिंगा सारखाच आकडा दाखवतील आणि इंजिनात एक टिकेल, एक नाही, त्याचं कारण हे. म्हणूनच रेसिंगवाले स्पिनट्रॉन वापरतात: इंजिन विजेच्या मोटारीने फिरवतात आणि व्हॉल्व्ह प्रत्यक्षात कुठे आहे ते लेझरने बघतात. नॅसकारच्या (अमेरिकेतल्या मोटार शर्यती) कप मालिकेत २०१४ च्या हंगामापर्यंत फ्लॅट टॅपेटच होते. त्या लोकांनी स्प्रिंगमधून जे काढलंय ते बघून मला खरंच हात जोडावेसे वाटतात.

---

साधा_वाचक

अवांतर: सॉलिड रोलर रस्त्यावर टिकत नाहीत असं ऐकलंय. ते जास्त जोरामुळेच ना?

---

ओहायो_भाऊ

मीही तेच मानत होतो. मित्राच्या गाडीत सॉलिड रोलर होता, चाक वाचावं म्हणून त्याने २०० ची स्प्रिंग काढून १५० ची टाकली. एका उन्हाळ्यात टॅपेटचं चाक गेलं. उघडून बघितलं तर सुयांवर ठोके पडल्याचे डाग होते, घासल्याचे नव्हते. चाक प्रत्येक फेरीत लोब सोडून परत आपटत होतं.

तेव्हापासून माझं मत बदललं. दाबून फिरणारं चाक टिकतं, आपटणारं चाक टिकत नाही. सिग्नलवर खूप वेळ आयडलला राहिलं की सुयांना तेल कमी मिळतं, तोही भाग आहेच. त्यासाठी सुयांपर्यंत दाबाने तेल नेणारे टॅपेट घ्यावेत, स्प्रिंग कमी करू नये. आणि लॅश (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) तपासत राहावं. पंधरा व्हॉल्व्हना फिलर गेज नेहमीसारखं अडत जातंय आणि सोळाव्याला भसकन आत गेलं, तर लॅश नुसती पुन्हा सेट करू नका. टॅपेट बाहेर काढा.

---

उद्यमनगरी

हे शेवटचं लाखमोलाचं. आमच्याकडे बुलेटवालेही टॅपेट ढिला झाला की नुसता आवळून पाठवतात, का ढिला झाला ते कोणी बघत नाही.

नोव्हावाले, जुनं हेड आहे तर रॉकरचे स्टड बघितलेत का? दाबून बसवलेले असतील तर या जोराला उपटून येतील.

---

नोव्हावाला

बघितलेत दादा, आट्यांचे आहेत. कॅम स्टीलचा असल्यामुळे डिस्ट्रिब्युटरला ब्राँझचा गिअर टाकला आणि कॅम पुढे-मागे सरकू नये म्हणून समोर बटण. रोलरच्या लोबला उतार नसतो, त्यामुळे फ्लॅट टॅपेटसारखा तो आपोआप मागे दाबून राहत नाही.

ज्यांनी दोनशेचा सल्ला दिला त्यांनाही समजावलं, पण त्यांच्या गाडीत ७,५०० ला फिरणारा सॉलिड रोलर आहे. त्यांच्यासाठी दोनशे बरोबर, माझ्यासाठी नाही.

---

नोव्हावाला (सहा आठवड्यांनी)

मंडळी, कळवायचं राहिलं होतं. गाडी ६,२०० पर्यंत एका दमात जाते. खड्यांचा आवाज गेला. ज्या रात्री पहिल्यांदा त्या ५,२०० च्या पुढे ओढत गेली, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून दहा मिनिटं नुसता बसून राहिलो होतो.

५०० मैल झाल्यावर हेडवर बसवून मोजायच्या टेस्टरने सगळ्या स्प्रिंगा पुन्हा तपासल्या. नवी स्प्रिंग पहिल्या काही तापण्यांत थोडी बसतेच. पंधरा स्प्रिंगा ४ ते ७ पौंडांनी उतरल्या होत्या. आठ नंबरचा एक्झॉस्ट मात्र १७ ने, १४५ वरून १२८ वर. शिम टाकून भरून काढता आला असता, पण जी एकटीच एवढी बसली ती आणखी बसणार. नवी मागवली आहे, शनिवारी बदलतोय. जुनी कापून आतली तार बघायचा विचार आहे. मेघनाताई, कुठे कापू म्हणजे काही दिसेल?

---

मेघना_प

कापू नका आत्ताच. आधी सपाट काचेवर उभी ठेवून बाकीच्यांशी मोकळी उंची ताडून बघा. मग दुसऱ्या-तिसऱ्या वेटोळ्याची आतली बाजू भिंगाखाली धरा. ताण तिथे सगळ्यात जास्त असतो. ओरखडा किंवा टोचा दिसला तर फोटो इथे टाका.